किल्ली कुणाच्या कमरेला?

मराठी मध्यमवर्गीय घरात दारूला फर्निचर नव्हतं. दारू नव्हती, असं माझं म्हणणं नाही. गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, लग्नातल्या शालूंच्या मागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली बऱ्याच सभ्य घरांत असायची. कुणी विचारलंच तर ती ‘मिलिटरीतल्या काकांनी दिलेली’ असायची. घरोघरच्या या बाटल्यांची संख्या बघता निम्मं भारतीय सैन्य सदाशिव पेठेतून भरती झालेलं असणार. सर्दीला दोन चमचे, बाळंतिणीला चमचाभर, एरवी वर्षभर बाटली शालूंच्या आश्रयाला. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं करायला सुरुवात केली आणि १९२३ पासून कंपनीची लोखंडी कपाटं बाजारात आली. आपण महाराष्ट्राच्या घरगुती मद्यालयाची सोय करून ठेवतो आहोत, हे त्या पारशी गृहस्थांच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्यामुळे आमच्या दाजींनी मुळशीच्या बंगल्यात ठेवायला म्हणून दारूची एक फ्रेंच पेटी आणली, तेव्हा घरात जी खळबळ उडाली ती दारूमुळे नव्हती. दाजी घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. किमतीमुळेही नव्हती, कारण किंमत त्यांनी कुणाला सांगितलेलीच नाही. ताई पेटीभोवती एक प्रदक्षिणा घालून आली आणि म्हणाली, “अहो, लपवायचीच नाही तर हिला कुलूप कशाला?”

दाजींनी उत्तर दिलं नाही. ते मलाच द्यावंसं वाटायला लागलं आणि मी त्या पेटीच्या नादी लागलो.

पेटी मुंबईच्या चोरबाजारातली, मटण स्ट्रीटवरची. आकाराने हार्मोनियमच्या आसपास, रंगाने काळी. झाकणाच्या मधोमध पितळेची एक लहानशी ढाल बसवलेली आहे, मालकाची आद्याक्षरं कोरायला. ती कोरी आहे. म्हणजे दीडशे वर्षांत ही पेटी ज्याला ज्याला मिळाली, त्याला ती आपली म्हणावीशी वाटली नाही, किंवा कोरणावळीचे पैसे वाचवावेसे वाटले. झाकण मागे टाकलं की पुढची फळी खाली येते, दोन्ही बाजू पंखांसारख्या उघडतात आणि आत सोनेरी मुलाम्याची एक चौकट दिसते. चौकटीत मधे चार चौकोनी सुरया आणि भोवताली कड्यांमध्ये अडकवलेले इवलेसे पेले. अशा पेट्यांमध्ये बहुधा सोळा पेले असतात. दाजींच्या पेटीत मूळचे अकराच उरलेत. उरलेल्या पाच जागांपैकी चारांत गोव्याहून आणलेले ग्लास आहेत आणि पाचव्या कड्यात खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते प्लॅस्टिकचं माप बसवलेलं आहे. ते फार घट्ट आणि नेमकं बसलंय. फ्रेंच कारागिराला बघून वाईट वाटलं असतं, पण मापाला त्याने नावं ठेवली नसती.

चौकट दोन्ही हातांनी उचलून सबंध बाहेर काढता येते. जेवणं आटोपली की यजमानाने खिशातून किल्ली काढायची, पेटी उघडायची आणि ही चौकट टेबलावर मांडायची. मंडळी पांगली की चौकट आत, झाकण बंद, किल्ली परत खिशात. किल्ली तेवढी दाजींकडे नाही. “मिळून जाईल,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ती मिळून गेली, पण कुणाला ते कळलेलं नाही.

फ्रान्समध्ये अशा पेट्यांचा सुकाळ झाला तो तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८५२ ते १८७० या काळात. काकाच्या नावावर गादीवर आलेला हा पुतण्या. (पुतण्यांच्या राजकारणाविषयी पुण्यात बसून अधिक लिहायला नको.) त्याच्या काळात पॅरिसमध्ये पैसा खेळू लागला, रस्ते रुंद झाले, १८५५ आणि १८६७ ला जागतिक प्रदर्शनं भरली आणि नव्याने श्रीमंत झालेल्या वकील-सावकार-कारखानदारांना जुनं खानदानी दिसायची घाई झाली. मग जुन्या राजांच्या काळातल्या शैली एकेक करून वर काढल्या गेल्या. ताहानसारखे पेटीवाले सम्राटाचे पुरवठादार म्हणून मिरवू लागले. खरं आबनूस महाग, म्हणून पेअरच्या झाडाचं लाकूड काळं रंगवून आबनुसाची हौस भागवली जाऊ लागली. काच बाकारातची असली तर उत्तम. तो कारखाना १७६४ पासूनचा. नसली तरी तशी दिसली म्हणजे झालं. या सगळ्याला कलासमीक्षक नाकं मुरडतात. मला मात्र त्या मंडळींबद्दल आपुलकी वाटते. पेशवाई थाटाचे लाकडी खांब फायबरमध्ये ओतून घेणारी आणि आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराला वाड्याची कडी लावणारी माणसं मी रोज बघतो. सगळी तिसऱ्या नेपोलियनचीच प्रजा.

पेटीवरची नक्षी मात्र नुसती हौस नाही. चौदाव्या लुईच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल नावाचा सुतार होता, १६४२ चा जन्म. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पापुद्रा एकावर एक घट्ट बांधायचे आणि केसासारख्या करवतीने दोन्ही एकदमच कापायचे, या कामात त्याचा हातखंडा. ही रीत त्याने शोधली नाही, पण नाव त्याचं लागलं. कापून झालं की पितळेतली वेल कासवाच्या जमिनीत बसवायची आणि कासवातली वेल पितळेच्या जमिनीत. एका कापणीत दोन नक्ष्या, दोन्ही तंतोतंत आणि कचरा जवळपास शून्य. पहिलीला मान जास्त, पण दुसरीही फुकट जात नाही, जोडीच्या दुसऱ्या कपाटाला लागते. भाकरीचा तुकडाही वाया न घालवता त्याचा कुस्करा करणाऱ्या ताईला बूलचं हे काम एकदम पटलं. पेटीविषयी तिने काढलेले हे पहिले बरे शब्द. कासव म्हणजे समुद्रातलं, चोचीचं कासव. त्याच्या पाठीचा व्यापार आता जगभर बंद आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवलंय. दाजींच्या पेटीवर कासव नाही, नुसत्या पितळेच्या रेघा आणि थोडा शिंपला आहे. हे कळल्यावर दाजी हिरमुसले आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

आता कुलपाकडे येऊ. पेटी ज्या घरात होती त्या घरात ते लावलं जायचं नोकरांसाठी. साहेब बाहेर गेले आणि आचाऱ्याने सुरईतलं दोन बोटं कमी केलं, तर कळणार कसं? म्हणून किल्ली. इंग्रजांनी तर याच्याही पुढची मजल मारली. लंडनच्या जॉर्ज बेट्जेमन याने १८८१ साली एका घोडीचं पेटंट घेतलं. तीत सुरया उघड्यावर असतात, चारी बाजूंनी दिसतात, पण वरून एक आडवी दांडी येते आणि तिला कुलूप असतं. बघा, वाटल्यास हात लावा, पण उचलता येणार नाही. नाव ठेवलं टॅन्टॅलस. ग्रीक पुराणातला हा राजा देवांच्या शापाने पाण्यात उभा आहे. प्यायला वाकला की पाणी खाली जातं, फळाला हात घातला की फांदी वर जाते. घरच्या नोकराला रोज पुसायला लावायच्या वस्तूला हे नाव ठेवायचं, यात इंग्रजी विनोदबुद्धी आहे आणि इंग्रजी मनाचा कोतेपणाही. या बेट्जेमनांचा वंशज जॉन बेट्जेमन याने घराण्याचा धंदा सांभाळायचं नाकारलं, कविता केल्या आणि पुढे इंग्लंडचा राजकवी झाला. घोडीच्या कारखान्याची एवढी एकच चीज कुलूप न लागता बाहेर पडली.

आपल्याकडे कुलपं नव्हती असं नाही. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि त्यातली सर्वांत झिजलेली किल्ली फडताळाची होती. आत तूप, साखर, बदाम आणि दिवाळीनंतर उरलेला फराळ. नोकर घरात नव्हतेच. ते कुलूप आम्हा नातवंडांसाठी होतं, आणि आजोबांसाठीही, कारण त्यांना मधुमेह होता. कलाकुसर मात्र आपण उधळली ती पानावर. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बघा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर आयुष्यभर गावोगाव हिंडले आणि वीस हजारांवर वस्तू जमवल्या. त्यांतले अडकित्तेच घ्या. मोर काय, घोडे काय, आलिंगन देणारी जोडपी काय, एक सुपारी कातरायला केवढा खटाटोप! पानाचे डबे, चुनाळी, तबकं. त्यातलं बहुतेक सगळं पाहुण्यापुढे ठेवायला, सरकवायला. फ्रेंचांनी व्यसनाची वस्तू सजवली आणि बंद केली, आपण सजवली आणि पुढे केली. आमचं पानाचं व्यसन त्यांच्या दारूपेक्षा पवित्र होतं असा दावा मी करणार नाही. पुण्याच्या जुन्या जिन्यांचे कोपरे अजून साक्षीला आहेत.

दारू पुढे करण्याचा विक्रमही एका मराठी घराण्याच्याच नावावर आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात (बांधकाम १८७४ चं) जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडहून करून आणलेली. सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरं, डब्यांत सुरया, सिगार वगैरे सामग्री. गाडी पाहुण्यापुढे आली, त्याने सुरई उचलली की गाडी थांबते. सुरई जागेवर ठेवली की पुढच्या स्टेशनाकडे निघते. यात किल्लीचा प्रश्न नाही, वेळापत्रकाचा आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पाहुण्याला, आधीच्या स्टेशनावर कुणी सुरई हातात धरून गप्पा मारत बसला, तर काय वाटत असेल, याचा विचार करावा. टॅन्टॅलसच तोही.

महाराष्ट्रात किल्ली सरकारने स्वतःच्या कमरेला लावली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी. जमीन त्याआधीच तयार झालेली होती. गडकऱ्यांच्या नाटकातला दारुडा सुधाकर १९१९ पासून रंगभूमीवर मरत होता आणि तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला हसून हसून घरी जाताना प्रेक्षक त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडत होते. पण बाळसारा नावाचे एक मुंबईकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि त्यांच्या जोडीला ओ-द-कोलोन बाळगण्या-वापरण्याचा आपला हक्क मागायला! १९५१ च्या निकालात न्यायालयाने बंदी राखली, पण औषधी आणि सुगंधी द्रव्यांवरचा अंमल रद्द केला. म्हणजे अंगाला लावायला मोकळीक मिळाली, घशाला नाही. घशासाठी परवाना लागे आणि तो प्रकृतीच्या कारणाने मिळे. त्या काळात प्रकृती किती जणांच्या बिघडल्या असतील, देव जाणे.

बंदी पुढे सैलावली, परवाना मात्र राहिला. आजही कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात विदेशी दारू प्यायला तो लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांचा नाहीतर आजन्म हजाराचा, आणि वयाची पंचवीस पुरी झालेली लागतात. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलात की भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडपर्यंत ‘बिअर बार अँड परमिट रूम’च्या पाट्या दिसत राहतात. त्या खोल्यांत बसलेल्यांपैकी परमिट किती जणांच्या खिशात असतं हे विचारू नये. दाजींकडे आहे. आजन्म. त्यांनी ते फ्रेम करून पेटीच्या वर भिंतीला टांगलंय. ताई म्हणते, “लग्नाच्या फोटोला जागा नव्हती ती याच भिंतीवर ना?”

पेटी मुळशीला आली आणि तिचं खरं वैर कुणाशी आहे ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. नोकर, सरकार, ताई, यांतलं कुणीच नाही. मुळशीची हवा. ताम्हिणीच्या अंगाने पाऊस यायला लागला की चार महिने बंगल्यात चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, मीठ पाणी होऊन वाहतं. जुन्या फ्रेंच सुतारकामात वरचा पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो. जनावरांच्या हाडाकातड्याचा हा सरस ओलीने सैल पडतो. लाकूड फुगतं, पितळ फुगत नाही. त्यामुळे एक दिवस झाकणाच्या कडेची पितळी रेघ हळूच डोकं वर काढते. मी ऑगस्टात गेलो तेव्हा ती वीतभर उठली होती आणि दाजींचा सदरा तिच्यात अडकून फाटला होता. दाजी फेविकॉलची बाटली घेऊनच बसले होते.

बंगल्याची राखण करणारे मामा दारात उभं राहून हे बघत होते. मामांची घरची माणसं आधी खालच्या गावात होती, आता ते गाव पाण्यात आहे. त्यांना मी पेटीची सगळी कथा सांगितली, टॅन्टॅलसची तर अगदी रंगवून. पाण्यात उभा आहे आणि पिता येत नाही म्हणे! मामा हसले नाहीत. म्हणाले, “ह्यात काय नवल हाय, साहेब? आमच्या वाडीतनं सगळा तलाव दिसतो. आन् एप्रिल लागला की टँकर. चावी खाली भिऱ्याला हाय ना.”

मामांचं बोलणं अक्षरशः खरं आहे. मुळेवर बांधलेल्या या धरणाचं पाणी पुण्याकडे येत नाही, डोंगर पार करून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून तिथली वीज मुंबईला जाते. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं आणि त्याच पाण्यावर कोलाडला लोक पैसे भरून राफ्टिंग करतात. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी इथे सत्याग्रह सुरू केला, पांडुरंग महादेव बापट त्यात ‘सेनापती’ झाले आणि तुरुंगात गेले. तीनेक वर्षं लढून लढा हरला. धरण झालं, गावं गेली आणि शंभर वर्षांनी त्या पाण्याच्या देखाव्यासाठी आमच्या दाजींसारख्यांनी काठावर गुंठे घेतले. दाजींच्या बंगल्याच्या किमतीत समोरचं पाणी धरलेलं आहे. फक्त ते बघण्यापुरतं, हे त्यांच्याही खरेदीखतात लिहिलेलं नाही. मामांचं ऐकल्यावर दाजींनी फेविकॉलचं झाकण लावलं. त्याचा पेटीला फायदा झाला. तलावाचं काय करायचं, ते त्या ओसरीवर कुणालाच सुचलं नाही. पेटी खोक्यात घालून आम्ही कोथरूडला आणली.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून नीटसं दिलेलं नाही. एवढंच म्हणालो की ज्याच्या हाती किल्ली असते त्याला कुलूप शोभेचं वाटतं. ती म्हणाली, “मग किल्ली करून माझ्याकडे द्या.” तशी ती आता करून घेतलीय. सुरया तिने आधीच ताब्यात घेतल्या होत्या आणि त्यांत कोकम सरबत भरलं होतं, दिसायला सुंदर म्हणून. ते मी ओतायला लावलं, तेही दारूपेक्षा घाईने.

तुमच्याकडे अशी एखादी पेटी वारशाने किंवा हौसेने आली असेल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पापुद्रा उठला तर त्याला फेविकॉल किंवा झटपट चिकटणारं काहीही लावू नका. जुना सरस गरम पाण्याच्या उबेने सुटतो आणि पुन्हा लावता येतो, फेविकॉल एकदा बसला की सुटताना लाकूड घेऊनच निघतो. किल्ली नसली तर कुलूप फोडू नका, जुन्या कुलपाला किल्ली घडवून देणारा चावीवाला पुण्यात अजून मिळतो. आणि सुरया जुन्या जड स्फटिकी काचेच्या असतील तर त्या काचेच्या वजनात चांगला चतुर्थांश भाग शिशाचा असू शकतो. महिनोन्महिने भरून ठेवलेल्या दारूत शिसं उतरतं, हे १९९१ मध्येच ‘लॅन्सेट’ने छापलंय, आणि कोकम, लिंबू, पन्ह्यासारख्या आंबट पेयांनी ते आणखी लवकर सुटतं. पाहुणे आले की भरा, गेले की रिकाम्या करून धुवा. जून ते सप्टेंबर पेटी मुळशीत ठेवू नका.